दाब, धर, सोड

ब्रेकच्या डबीचं झाकण उघडलं, आत एरंडेल.
हो, एरंडेलच. निम्मं एरंडेल, निम्मा स्पिरिट,
आंबट चेरीच्या सरबतासारखं लाल.
एकवीस नंबरच्या व्होल्गाला त्या काळी हेच पाजायचे.
बाटलीवर बाबांची पेन्सिल:
हिच्यात दुसरं काही ओतलंत तर माझ्याशी गाठ आहे.

बाबा गेले. गाठ राहिली.
मी ग्युम्रीत, गागिक क्रास्नोदारला,
आणि गाडी कोणाची, एवढ्यावरून
नऊ वर्षं फोन मुका.

आता त्याच्या नारेचं लग्न,
आणि तिला वनाद्झोरच्या चर्चला
याच गाडीतून जायचंय.
मध्ये जाजुरचा घाट.
गागिक आला. गॅरेजच्या दारातच थांबला.
मी गाडीवरचा जुना गालिचा ओढून काढला
तर म्हणाला, "ब्रेक?"
कशी आहेस नाही, काही नाही.
मी पेडल दाबून दाखवलं.
पाय गेला तो थेट फरशीपर्यंत.

वाझगेनने दुकानात तीन बाटल्या मांडल्या.
डॉट तीन, डॉट चार, आणि एक जांभळी,
जिची किंमत ऐकून आम्ही दोघं
पहिल्यांदाच एका वेळी हसलो.

डॉट चार उशिरा उकळतं, उताराला बरं.
पण ते पाणी पितं, चोरून,
झाकण घट्ट असलं तरी रबरी नळीतून,
महिनोन्‌महिने, आणि वरून तोंड साळसूद.
शिवाय सांडलं की गाडीचा रंग खातं.
एरंडेल पाण्याला शिवत नाही, रंगाला चावत नाही,
पण घाटात लवकर तापतं,
आणि आमच्या जानेवारीत त्याचे खडे होतात.
"मिसळू मात्र नका," वाझगेन म्हणाला,
"दूध नासावं तसं नासतं.
नासक्या दुधावर गाडी थांबत नाही."

"बाबांनी लिहून ठेवलंय," गागिक.
"बाबांना नारेला खाली उतरवायचं नव्हतं," मी.
वाझगेन उगाच स्पॅनर पुसत बसला.
शेवटी गागिकनेच पैसे टाकले,
डॉट चार, दोन लिटर,
आणि सगळ्या चाकांची नवी रबरं.

दोन दिवस नळ्या स्पिरिटने धुतल्या.
जुनी रबरं फुगलेली, बोटाला काळी लागणारी.
तिसऱ्या दिवशी हवा काढायची,
आणि ते काम एकट्याचं नव्हे.
एकाने पेडलवर, एकाने चाकामागे आडवं.
आधी सर्वांत लांबचं चाक, मागचं उजवं.
लांबच्यापासून सुरू करायचं,
हा नियम आहे, मी केलेला नाही.

"दाब."
"दाबलं."
"धर."
"धरलंय."
नळीतून बुडबुडे, मुरंब्याच्या बरणीत.
"सोड."

एवढंच बोलणं, संध्याकाळपर्यंत.
एकदा मी तो सांगायच्या आत सोडलं,
हवा परत आत गेली, आणि गाडीखालून
बाबांच्या तोंडची अस्सल शिवी आली,
हुबेहूब, त्याच सुरात.
मग दोघंही गप्प.
मग "दाब," जरा हळू.

पुढचं डावं संपलं तेव्हा अंधार पडला होता.
पेडल पायाखाली दगडासारखं.
मी आणखी तीनदा दाबलं, कारण नसताना.

जाजुरच्या तिसऱ्या वळणावर
नारे पदर सावरत... चुकले, ओढणी सावरत
मागून म्हणाली,
"तुम्ही दोघं पुढे काय पुटपुटताय?"

उरलेलं लाल मी फेकलं नाही.
खिडकीत ठेवलंय, बरणीत.
गागिकने जाताना त्यावर पेन्सिलने लिहिलं:
पिऊ नये.
परवा क्रास्नोदारहून फोन.
"बरणी आहे?"
"आहे."
"कोणी प्यायलं नाही ना?"
"नाही."
"बरं," म्हणाला,
आणि ठेवला नाही.